पिकअप काढलेली टेइस्को

जुन्या जपानी इलेक्ट्रिक गिटारींच्या मागे लागलेल्यांचे दोन पंथ आहेत आणि त्यांचं आपसांत फारसं जमत नाही. पहिला ‘जपान व्हिंटेज’वाल्यांचा. १९७० आणि ८०च्या दशकांत ग्रेको, टोकाई, बर्नी, फर्नांडिस, इबानेझ अशा नावांनी गिब्सन-फेंडर या अमेरिकी कंपन्यांच्या गिटारींच्या ज्या तंतोतंत नकला निघाल्या, त्या हे लोक जमवतात. दुसरा पंथ ‘बिझार’वाल्यांचा. १९६०च्या दशकातल्या, कुणाचीच धड नक्कल नसलेल्या, तीन-चार पिकअप (तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे चुंबकी भाग) आणि ओळीने बटणं लावलेल्या चित्रविचित्र आकाराच्या गिटारी हा त्यांचा जीव की प्राण. मी या दुसऱ्या पंथातला.

पहिल्यांचा हिशोब सरळ असतो, त्याचा कधी कधी हेवा वाटतो. टोकाईच्या एलएस-८० मधला ८० म्हणजे तेव्हाची किंमत, ८० हजार येन. त्या काळातल्या ग्रेकोच्या नंबरातलं पहिलं अक्षर महिना सांगतं, पुढचे दोन आकडे साल. गिटार उलटी करायची, नंबर वाचायचा, संपलं. त्यांच्यात वाद झालाच तर तो खटल्यावरून होतो. गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिन हिने १९७७ साली इबानेझच्या अमेरिकेतल्या वितरकावर दावा लावला, तोही फक्त गिटारीच्या डोक्याच्या आकारावरून, आणि १९७८ मध्ये तो कोर्टाबाहेर मिटला. तरी आजही कुठलीही जुनी जपानी नक्कल ‘खटल्याच्या काळातली’ म्हणून चार पैसे जास्त लावून विकली जाते. घेणारे घेतात.

आमच्या पंथात नंबर वाचून काही कळेल अशी सोय नाही. बऱ्याच गिटारींवर नंबरच नसतो, असला तरी त्याचा अर्थ लावायची किल्ली नसते. एकाच कारखान्यातून निघालेली गिटार जपानात एका नावाने विकली जायची, अमेरिकेत टेइस्को डेल रे म्हणून, आणि तिथल्याच सीअर्स या कंपनीच्या दुकानात सिल्व्हरटोन म्हणून. त्यामुळे डोक्यावरच्या नावापेक्षा स्क्रू, पट्ट्या आणि बटणं बघायची सवय लागते. त्या सवयीमुळेच मला ती सापडली.

टोकियोजवळ, सायतामाच्या बाजूला एका हार्ड-ऑफमध्ये मी रविवारी चक्कर मारत असे. हार्ड-ऑफ ही जुन्या वस्तूंच्या दुकानांची साखळी. प्रत्येक दुकानात एक ‘जंक’ कोपरा असतो. तिथल्या मालाला हमी नाही, परतावा नाही, तक्रार ऐकली जाणार नाही. रिमोट नसलेले टीव्ही, बटण तुटलेले कीबोर्ड, आणि मध्येच कधी एखादी गिटार. त्या दिवशीच्या गिटारीवर चिठ्ठी होती: ‘नाव अज्ञात, पिकअप नाहीत, ५,५०० येन’. डोक्यावरचा बिल्ला गेलेला, त्याच्या खिळ्यांची दोन भोकं तेवढी उरलेली. पण रेघारेघांचा धातूचा पिकगार्ड, म्हणजे बॉडीवरचा पत्रा, प्रत्येक पिकअपसाठी वेगळं चालू-बंद बटण आणि नटच्या (मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) पुढे शून्यावा फ्रेट (मानेवरची धातूची आडवी पट्टी) बघितला आणि मला नाव वाचायची गरज उरली नाही. टेइस्को.

टेइस्को म्हणजे कोण, ते थोडक्यात सांगतो. १९४६ साली टोकियोत आत्सुओ कानेको हा गिटारवादक आणि डोर्यू मात्सुदा हा विद्युत अभियंता यांनी मिळून हा उद्योग सुरू केला. कानेको हवाईयन गिटार वाजवायचा. त्याआधी, १९३०च्या दशकात, मित्सुओ मात्सुकीबरोबरही तो अशाच गिटारी बनवण्याच्या खटपटीत होता. तोच मात्सुकी पुढे ग्युयाटोन या गिटार कंपनीचा. म्हणजे जपानी इलेक्ट्रिक गिटारीचं मूळ उभ्या गिटारीत नाही, मांडीवर आडवी ठेवून धातूच्या दांडीने वाजवायच्या गिटारीत आहे. हे वाचलं तेव्हा मला सांगलीचे माझे धाकटे काका आठवले. तेही ऑर्केस्ट्रात आडवीच गिटार वाजवायचे. त्यांचा उल्लेख पुढे येणार आहे.

मग जानेवारी १९६५ मध्ये व्हेंचर्स हा अमेरिकी बँड जपानात आला आणि सगळं बदललं. गल्लोगल्ली पोरांना ‘एलेकी’, म्हणजे इलेक्ट्रिक गिटार, पाहिजे झाली. दूरचित्रवाणीवर एलेकी बँडच्या स्पर्धा सुरू झाल्या. त्याच वर्षी तोचिगी जिल्ह्यातल्या आशिकागा शहराच्या शिक्षण मंडळाने शाळकरी पोरांनी या गिटारी घ्यायच्या नाहीत असा फतवा काढला, तेव्हा लाट किती मोठी असेल याचा अंदाज यावा. टेइस्कोने या सुगीत चार पिकअपच्या गिटारी काढल्या, पकडायला बॉडीत आरपार खाच असलेली टीजी-६४ काढली, चित्रकाराच्या रंगपाटीच्या आकाराची मे क्वीन काढली, रंगीबेरंगी बटणांची स्पेक्ट्रम ५ काढली. १९६७ साली कावाईने कंपनी घेतली. दशक संपता संपता लाट ओसरली आणि या गिटारी माळ्यांवर गेल्या.

माझी गिटार यातल्या कुठल्याही बड्या मॉडेलची नव्हती. साधी, दोन पिकअपची, पोरांसाठीची. पण तिचे पिकअप गेलेले होते, आणि ते का गेले हे आमच्यातल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

टेइस्कोच्या बऱ्याच गिटारींवर ज्या प्रकारचे पिकअप असत त्यांना आज ‘गोल्ड फॉइल’ म्हणतात. पत्र्याच्या झाकणात नक्षीदार खिडक्या, आणि खिडक्यांतून दिसणारा सोनेरी वर्ख. आत रबरासारखा लवचिक फेराइट चुंबक, त्याभोवती तारेचं वेटोळं, मेणबिण काही ओतलेलं नाही. स्वस्तात काम उरकलेलं. पण चुंबकाचा जोर बेताचा असल्यामुळे तो तारांना ओढून धरत नाही, आणि आवाज मोकळा, किंचित खरखरीत येतो. राय कूडर या अमेरिकी गिटारवादकाने आपल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारीत टेइस्कोचा एक गोल्ड फॉइल बसवला आणि स्लाइड (तारांवर नळी घसरवत) वाजवणाऱ्यांच्या जगात या वर्खाला भाव आला. तो इतका वाढला की सुटे पिकअप पूर्ण गिटारीपेक्षा महाग झाले. मग व्हायचं तेच झालं. चोरीची मोटरसायकल सुट्या भागांत विकली तर जास्त पैसे येतात, तसं आख्ख्या गिटारी घ्यायच्या, पिकअप काढायचे, सांगाडा पाच-सहा हजारांत जंकमध्ये ढकलायचा. यात बेकायदा काही नाही. मला ते तरीही आवडत नाही.

म्हणून मी तो सांगाडा घेतला. ठरवलं असं की हिला पुन्हा पूर्ण करायची, तिच्या जातीच्या पिकअपनी.

हे बोलायला सोपं होतं. गोल्ड फॉइल हा एकच प्रकार नाही. खिडक्यांची नक्षी वेगळी, लांबी वेगळी, कडेच्या स्क्रूंमधलं अंतर वेगळं, काहींना तारांखाली वरखाली करायचे स्क्रू असतात, काहींना नसतात. माझ्या गिटारीवर नेमके कोणते होते, ते तिनेच सांगायला हवं होतं. पिकगार्डवर सहा दशकांच्या उन्हात झाकणाबाहेरचा पत्रा काळवंडला होता आणि झाकणाखालचा तसाच चकचकीत राहिला होता. त्या दोन चकचकीत चौकोनांवर मी ट्रेसिंग पेपर ठेवला, कड काढली, स्क्रूच्या भोकांची मापं घेतली आणि कागद घेऊन टोकियोतल्या ओचानोमिझूला गेलो.

ओचानोमिझू स्टेशनपासून मेइजी विद्यापीठाच्या उतारावरून खाली सुरुगादाइशिताकडे जाताना दोन्ही बाजूंना गिटारींची दुकानं आहेत. बहुतेकांत चकचकीत नवा माल. जुन्या दुरुस्त्या करणारे वरच्या मजल्यांवर, अरुंद जिन्यांनी जावं लागतं. तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे मला आमच्यातल्याच एकाने पाठवलं होतं. त्यांनी माझा कागद बाजूला ठेवला आणि आधी गिटारीच्या पोटात टॉर्च मारला.

“हे काम सराइताचं आहे,” ते म्हणाले. “बघा, वायरी कापल्या नाहीत. कथील वितळवून सोडवल्या आहेत. पोराटोराने काढले असते तर पक्कड लावली असती.”

“मग वायरिंग शाबूत आहे?”

“तेवढं तुमचं नशीब. पिकअप मात्र माझ्याकडे मागू नका. माझ्याकडे आले तर मी विकत नाही, बसवतो.”

त्यांनी कपाटातून जुनी छापील कॅटलॉगं काढली. त्यांत चित्रं बारीक, काळी-पांढरी. तरी खिडक्यांची नक्षी मोजता आली. कोणता पिकअप हवा ते त्या दिवशी ठरलं. निघताना त्यांनी एक गोष्ट बजावली, ती इथे लिहून ठेवतो, कारण भारतात अशी गिटार उघडणाऱ्यालाही उपयोगी पडेल. जपानी फुली-खाचेचे जुने स्क्रू आपल्या नेहमीच्या फिलिप्स पेचकसाने फिरवायचे नाहीत. खाचेची घडण वेगळी असते. फिलिप्सचं टोक जोर लावला की उसळून बाहेर येतं आणि खाच कुरतडतं. जेआयएस, म्हणजे जपानी प्रमाण मापाचा पेचकस घ्यायचा. नंतर मी जेवढ्या जुन्या जपानी गिटारी पाहिल्या, त्यांतल्या निम्म्यांचे स्क्रू असेच कुरतडलेले होते.

मग शोध सुरू झाला. याहू ऑक्शन, मेरकारी, डिजिमार्ट या खरेदी-विक्रीच्या साइटी, रोज रात्री जेवण झालं की फोनवर. सुटे गोल्ड फॉइल दिसत, पण फोटो धूसर, माप दिलेलं नाही. माप विचारलं की काही जण लगेच पाठवत, काही जण पुन्हा उत्तरच देत नसत. एक पिकअप ‘तपासलेला’ म्हणून घेतला; त्याचं वेटोळं ठीक होतं, पण झाकणाची एक कड दाबून सरळ केलेली होती, ते फोटोत दिसू दिलं नव्हतं. विकणाऱ्याला लिहिलं. त्याने माफी मागून थोडे पैसे परत दिले. पिकअप बसणारा होता, म्हणून ठेवला. एक झाला.

दुसरा मिळेना. याच काळात आमच्या पंथातल्या लोकांशी खरी ओळख झाली, कारण प्रत्येकाकडे मी तेच एक माप घेऊन जात होतो. हे लोक मला आवडतात. त्यांच्यात पैसेवाले थोडे. एक निवृत्त रेल्वे कर्मचारी फक्त बटणांच्या पट्ट्या जमवतो. एक बाई टेइस्कोचे अॅम्प्लिफायर दुरुस्त करतात आणि अमेरिकेतून जुना माल मागवून तो इकडे परत आणतात. निर्यात झालेली गिटार सहा दशकांनी जपानात परतते, हा त्यांचा मोठा विनोद. त्यांनी मला उगाच पिकअप विकला नाही. “ठेवून आहात का?” विचारल्यावर “आहेत, पण ते ज्या गिटारींचे आहेत त्या माझ्याकडे आहेत,” असं उत्तर आलं. बरोबर होतं. मीही हेच म्हटलं असतं.

शेवटी चिबामधून एक गिटार विकायला आली. माझ्याच मॉडेलची, दोन्ही पिकअप जागेवर, पण डोकं मानेपासून तुटून कधीतरी पांढऱ्या गोंदाने चिकटवलेलं, आणि बॉडी पाण्यात भिजून फुगलेली. इथे माझी पंचाईत झाली. पिकअपसाठी गिटार उघडणाऱ्यांवर मी तोंडसुख घेत होतो, आणि आता मीच ते करायला निघालो होतो. ती घेतली, थेट ओचानोमिझूला नेली.

कारागिरांनी नेकचे, म्हणजे मानेचे, चार स्क्रू काढले आणि परत बसवायचा प्रयत्न केला. एकही धरेना. टेइस्कोच्या या स्वस्त बॉडी पदर पदर चिकटवून केलेल्या असतात. पाणी आत गेलं की पदर सुटतात आणि मध्ये भुसा उरतो. त्यांनी बोटाने टोकरलं तर लाकूड बिस्किटासारखं निघून आलं असं म्हणायचा मोह होतो. प्रत्यक्षात ते ओल्या पुठ्ठ्याच्या चिंध्यांगत निघालं. “हिला नवी बॉडी आणि नवी मान लागेल,” ते म्हणाले. “मग ती ही गिटार कशी?” एवढं बोलून त्यांनी स्वतःच पेचकस माझ्या हातात दिला.

दोन पिकअपपैकी एक मेलेला निघाला. मल्टिमीटरने वेटोळं तुटल्याचं दाखवलं. दुसरा जिवंत होता, सहा किलोओहमच्या आसपास. म्हणजे माझ्याकडे आता एक चिबाचा आणि एक दडपलेल्या कडेचा, असे दोन झाले. मेलेल्याचं झाकण चांगलं होतं. ते दडपलेल्यावर चढवलं. यात नाजूक काम एवढंच की झाकणाच्या कानांना एकदाच वाकवायचं; तो जुना पत्रा दुसऱ्यांदा वाकवला तर मोडतो.

जोडणी घरी केली, टोकियोतल्या निशी-कासाईच्या आमच्या दोन खोल्यांत, स्वयंपाकाच्या ओट्यावर. बायकोने एक्झॉस्ट चालू ठेवायची अट घातली. आधी सगळी पोटेन्शिओमीटर आणि बटणं कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पन्नासदा फिरवली. जुन्या टेइस्कोंची निम्मी दुखणी इथेच बरी होतात. मग पिकअपच्या वायरी. मग अॅम्पला लावून बघितलं. एकेक पिकअप वेगळा लावला की छान. दोन्ही बटणं चालू केली की आवाज पातळ, नाकातून आल्यासारखा, मंद्रातलं सगळं गायब.

त्या रात्री सांगलीला फोन केला. काकांना आता ऐकू कमी येतं, पण गिटारीचं ऐकू येतं. फोन स्पीकरवर टाकून आधी एकेक, मग दोन्ही वाजवून दाखवले.

“काका, असं का होतंय सांगा ना.”

“अरे, एक उलटी जोडलीयस. आमच्या ऑर्केस्ट्रात माईकवाल्याने दोन कर्णे उलटसुलट जोडले की असंच व्हायचं. बेस पळून जायचा. एकीच्या वायरी बदल.”

वायरी नुसत्या अदलाबदल करून भागणार नव्हतं. या पिकअपांत झाकण हे एका वायरीलाच टेकवलेलं असतं. उलटं जोडलं तर झाकणच सिग्नलच्या वायरीवर येतं आणि हात लावला की भणभणाट होतो. म्हणून झाकणाची जोडणी आधी सोडवली, तिला वेगळी तिसरी वायर देऊन अर्थला जोडली, आणि मग वेटोळ्याच्या दोन वायरी फिरवल्या. बेस परत आला. काकांना पुन्हा ऐकवलं. “आता बसलं,” म्हणाले, आणि त्यांनी कोणती तार किती जाड लावली आहे याची चौकशी सुरू केली. ती बरीच चालली.

गुणगुण तरीही राहिली, ती राहणारच. हे एकेरी वेटोळ्याचे पिकअप. टोकियोत वीज ५० हर्ट्झची, ओसाकात ६०ची, त्यामुळे इथे गिटार साधारण ‘जी’ या सुराच्या जवळ गुणगुणते आणि तिकडे गेली की चढ्या सुरात. ‘जी’मधली गाणी वाजवताना ती तंबोऱ्यासारखी खपून जाते, असा माझा दावा आहे. बायकोला तो मान्य नाही.

उरलं नेकचं काम. या गिटारींच्या डोक्यावर ‘स्टील रीइन्फोर्स्ड नेक’ असं मिरवलेलं असतं, म्हणजे आत पोलादी दांडी आहे पण ती कसता येत नाही. तारा फ्रेटपासून फार वर होत्या. बॉडीतल्या खाचेत, नेकच्या टाचेखाली, पातळ लाकडी पाचर सरकवली आणि मान किंचित मागे कलली. पूल (ब्रिज, तारांचा खालचा आधार) बॉडीवर नुसता टेकलेला असतो, तो कुठे ठेवायचा ते मोजून काढावं लागतं: शून्याव्या फ्रेटपासून बाराव्यापर्यंत जेवढं अंतर, तेवढंच बाराव्यापासून पुलापर्यंत, आणि जाड तारांच्या बाजूला केसभर जास्त. ट्रेमोलो (सूर वरखाली हलवायचा दांडा) लावला आहे, पण मी त्याला हात लावत नाही. एकदा दाबला की सूर परत जागेवर येत नाहीत, आणि नवाकोरा होता तेव्हाही येत नसावेत.

वाजते कशी? जोरात वाजवली तर पिकअप पत्र्यावर बोटं आपटल्याचाही आवाज पकडतात. स्लाइडला उत्तम. जलद सुरावटींना वाईट. हळू, मोकळ्या तारा सोडत वाजवलं तर दोन्ही पिकअप मिळून जो आवाज येतो तो माझ्या दुसऱ्या, कितीतरी महागड्या गिटारीत नाही.

चिबाच्या गिटारीचं काय करायचं हा प्रश्न राहिला. फेकवत नव्हती. तिचे सगळे भाग सोडवून, एकेक पिशवीत घालून, वहीत नोंद केली आणि आमच्या लोकांत कळवलं: ज्याच्याकडे हीच गिटार अर्धवट पडली असेल त्याला पाठवणीच्या खर्चात मिळेल, सुटं विकायला मिळणार नाही. गिटारीचा फोटो पाठवायचा ही अट. खुंट्यांचा संच नागोयाला गेला. पिकगार्ड सेंदाईला. त्या निवृत्त रेल्वेवाल्यांनी बटणांची पट्टी मागितली, त्यांना मात्र गिटार नसतानाही दिली. अटीला तेवढी एक फट ठेवावी लागली. एकाने मेलेला पिकअप विकत मागितला, पुन्हा तार गुंडाळून विकण्यासाठी, आणि किंमतही चांगली लावली. त्याच्याकडे गिटारीचा फोटो नव्हता. तो पिकअप मी ओचानोमिझूच्या कारागिरांकडे ठेवून आलो आहे. तिथून तो बसल्याशिवाय बाहेर पडणार नाही.

मानेला गिऱ्हाईक येईल असं वाटत नव्हतं, तुटकं डोकं बघून. पण तिच्यावरचे फ्रेट शाबूत आहेत, आणि परवाच ओसाकाच्या एका कॉलेजातल्या पोराने विचारलं की शून्यावा फ्रेट तेवढा मिळेल का. त्याला माप पाठवायला सांगितलंय, आणि फोटो.